नकार लवकर कळवा: अमेरिकेतील पीएच.डी. प्रवेश समित्यांवरील मराठी प्राध्यापकांना खुले पत्र

आदरणीय प्राध्यापकहो,

सादर नमस्कार.

अमेरिकी विद्यापीठांच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी विभागांत आज अनेक मराठी प्राध्यापक आहेत आणि त्यांपैकी काही जण दर हिवाळ्यात आपापल्या विभागाच्या पीएच.डी. प्रवेश समितीवर बसतात, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यांची शिफारसपत्रे लिहितो आणि डिसेंबरच्या अंतिम मुदतीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांच्यावर काय गुजरते ते जवळून पाहतो. हे पत्र वशिल्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी आडनाव दिसल्यावर मुलाखतीत काही प्राध्यापक सैलावतात, तर काही जण पक्षपाताचा आळ नको म्हणून गरजेपेक्षा जास्त कठोर होतात. विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकार लक्षात येतात आणि दोन्हींपैकी कशाचीच त्यांना अपेक्षा नसते.

नकार मिळतो अशीही तक्रार नाही. मोजक्या जागांसाठी शेकड्यांनी अर्ज येत असतील तर बहुतेकांना नकार मिळणार, एवढे गणित आमच्या विद्यार्थ्यांना येते. प्रत्येक अर्जामागे बहुधा ७५ ते १२५ डॉलरच्या आसपास शुल्क भरावे लागते, त्यातून सूट देणाऱ्या योजना बऱ्याच ठिकाणी अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरत्याच असतात, आणि तरीही एकेक जण आठ-दहा ठिकाणी अर्ज करतो, तो हे सारे जाणूनच. माझे म्हणणे त्यानंतरच्या टप्प्याविषयी आहे. मुलाखतीचे बोलावणे आल्यापासून अखेरचे उत्तर मिळेपर्यंत विभागाला जे ठाऊक असते आणि अर्जदाराला जे सांगितले जाते, त्यांतले अंतर विनाकारण मोठे आहे, आणि ते कमी करण्यासाठी ना पैसा लागतो, ना एखादा नियम बदलावा लागतो.

मुलाखतीपासून सुरुवात करतो. जीववैद्यकीय शाखांत हे काम बरेच शिस्तीचे झाले आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ठरावीक दिवस असतात, चार-पाच प्राध्यापकांशी प्रत्येकी अर्धा तास बोलणे होते आणि मग सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून दिली जाते. अमेरिकेत राहणाऱ्या उमेदवाराला बहुतेकदा प्रवासखर्च देऊन विद्यापीठात बोलावतात. परदेशातला उमेदवार बहुधा पडद्यावरच भेटतो. संगणकशास्त्रात आणि अभियांत्रिकीत मात्र कित्येक विभाग औपचारिक मुलाखत घेतच नाहीत. एखाद्या प्राध्यापकांचा अचानक ईमेल येतो, 'जरा बोलू या' असे त्यात लिहिलेले असते, आणि त्या बोलण्याची गाडी प्रबंधातल्या एका आकृतीवरून निघून एखाद्या प्रमेयाच्या सिद्धतेपर्यंत पोहोचते. ही मुलाखत होती की ओळख करून घेणे होते, त्या प्राध्यापकांना समितीत मत होते की ते केवळ आपल्या प्रकल्पासाठी माणूस शोधत होते, त्यांच्याजवळ यंदा अनुदान शिल्लक होते की नव्हते, यांपैकी काहीच विद्यार्थ्याला कळत नाही. तो माझ्याकडे येऊन विचारतो आणि मलाही सांगता येत नाही.

बोलावण्याच्या ईमेलमध्येच हे स्पष्ट करता येईल. सध्याच्या विद्यार्थ्यांबरोबरच्या गप्पांचा विचार निर्णयात होणार असेल तर तसे लिहावे, आणि होणार नसेल तर मागाहून त्या विद्यार्थ्यांचे मत विचारू नये. 'मोकळेपणाने काहीही विचारा' असे सांगितल्यावर खरोखरच मोकळेपणाने मार्गदर्शकाच्या स्वभावाविषयी किंवा विद्यावेतन पुरते का याविषयी विचारणारा उमेदवार पीएच.डी. मध्येच सोडून जाणाऱ्यांपैकी नसतो. पाच-सहा वर्षांचा निर्णय तो गांभीर्याने घेत असतो, एवढेच त्यातून दिसते.

वेळेबद्दलही थोडे लिहितो. पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात भारतातले रात्रीचे साडेबारा, आणि पश्चिम किनाऱ्यावर तीच वेळ ठरली तर पहाटेचे साडेतीन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची घड्याळे तासभर पुढे जातात, आमची जात नाहीत, त्यामुळे त्या सुमारास ठरलेल्या मुलाखतीच्या वेळेचा घोळ होण्याची भीती असते. पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बोललात तर येथे संध्याकाळ असते. समोरचा उमेदवार मंद वाटला तर तो मुळात मंद आहे की पहाटे साडेतीनला जागा आहे, हे पडद्यावरून ओळखता येत नाही.

मुलाखतीवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न मी आपल्यासारख्या संशोधकांना विचारणे धाडसाचे आहे, पण पुरावा अमेरिकी विद्यापीठांतलाच आहे. १९७९ साली ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला निवड पूर्ण झाल्यावर विधिमंडळाच्या आदेशामुळे आणखी ५० विद्यार्थी घ्यावे लागले, आणि मुलाखतीनंतर ज्यांना आधी नाकारले होते त्यांच्यातूनच ते घेतले गेले. पुढे या दोन गटांची तुलना झाली तेव्हा अभ्यासक्रमातल्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तो वैद्यकीय प्रवेश होता, पीएच.डी.चा नव्हे, असे कोणी म्हणेल. २०१७ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील जीववैद्यकीय पीएच.डी. कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांचे पुढचे शोधनिबंध आणि प्रवेशाच्या वेळी प्राध्यापकांनी दिलेले मुलाखतीचे गुण यांचा संबंध लागला नाही, शिफारसपत्रांचा मात्र लागला. (शिफारसपत्रे लिहिणाऱ्या माणसाने हा निष्कर्ष सांगताना थोडा संकोच बाळगावा हे बरे.) दोन्ही अभ्यासांना मर्यादा आहेत. चॅपल हिलच्या अभ्यासात फक्त प्रवेश मिळालेलेच मोजले गेले, आणि चाळणीतून आधीच गेलेल्यांमध्ये फरक कमी दिसणार हे सांख्यिकी शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. मुलाखत निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही. विभागात राहून हा माणूस काम करू शकेल का, आपल्याच अर्जात लिहिलेले त्याला समजले आहे का, हे समोरासमोर कळते. परंतु क्रमवारीत नववे नाव कोणाचे आणि सतरावे कोणाचे, हे अर्ध्या तासाच्या चार-पाच भेटींतून खात्रीने ठरते असे मानायला आधार फार थोडा आहे. सर्वांना काही प्रश्न समान विचारले आणि प्रत्येक प्राध्यापकाने इतरांशी बोलण्याआधी आपले मत लिहून ठेवले, तर तो आधार काहीसा वाढतो.

नवव्या आणि सतराव्या नावाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मुख्य मुद्दा या दोन नावांचाच आहे. मुलाखती संपल्यावर समिती बसते, नावांची क्रमवारी लागते आणि पहिल्या फेरीचे प्रवेशाचे प्रस्ताव रवाना होतात. प्रस्ताव मिळालेले सगळेच येत नाहीत, म्हणून किती जागांसाठी किती प्रस्ताव पाठवायचे हे मागच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरवले जाते. अपेक्षेपेक्षा जास्त जण आले तर विद्यावेतनाचे पैसे पुरत नाहीत; कमी आले तर प्रयोगशाळेत हात कमी पडतात आणि पदवीच्या वर्गांना शिकवणी-सहायक मिळत नाहीत. या अनिश्चिततेवर विभागांनी शोधलेला उपाय असा, की मधल्या क्रमांकांच्या उमेदवारांना होकार द्यायचा नाही, नकारही द्यायचा नाही, आणि तुम्ही प्रतीक्षायादीत आहात असेही सांगायचे नाही. अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या पोर्टलवर 'अर्ज विचाराधीन आहे' ही एकच ओळ पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत असते. यादी अस्तित्वात असते, क्रमही लावलेला असतो, फक्त ज्यांची नावे तिच्यात आहेत त्यांना तिचा पत्ता नसतो.

विभागाची सोय मला समजते. यादी जाहीर केली की क्रमांक विचारणारे ईमेल येतील, आपण पहिल्या पसंतीचे नव्हतो हे कळल्यावर उमेदवाराचे मन दुसरीकडे वळेल, आणि कोणी तरी लेखी आश्वासन मागेल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण या सोयीची किंमत सर्वस्वी अर्जदार चुकवतो. अनिश्चिततेचा धोका विभाग आणि विद्यार्थी यांच्यात वाटला जायला हवा होता. प्रत्यक्षात तो सगळा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींच्या अंगावर टाकला जातो आणि तो टाकला आहे हेही त्यांना सांगितले जात नाही.

याहून अनाकलनीय प्रकार यादीत मुळीच नसलेल्यांचा आहे. ज्यांचा अर्ज जानेवारीतच बाजूला पडला, मुलाखतीलाही ज्यांना बोलावले नाही, त्यांच्या बाबतीत विभागाचे मत केव्हाच ठरलेले असते. तरी त्यांचे पत्र मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये, इतर सर्व नकारांच्या गठ्ठ्यात निघते, कारण विभाग फक्त शिफारस करतो आणि अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूलच्या, म्हणजे विद्यापीठाच्या पदव्युत्तर शिक्षण पाहणाऱ्या मध्यवर्ती कार्यालयातून जाते. ही दोन मजल्यांची व्यवस्था होकारातही गोंधळ घालते. प्राध्यापक ईमेलने अभिनंदन करतात, अधिकृत पत्र काही आठवड्यांनी येते आणि मधल्या काळात घरी सांगावे की नाही, हे विद्यार्थ्याला ठरवता येत नाही. अधिकृत पत्राला वेळ लागत असेल तर लागो. 'विभागाने आपल्या नावाची शिफारस केलेली नाही' हे एक वाक्य विभागाच्या पत्त्यावरून पाठवायला कोणता नियम आड येतो, हे आपणच तपासून पाहावे.

वाट पाहणे हा स्वभावाचा किंवा संयमाचा प्रश्न आहे असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. थोडा धीर धरा, दुसऱ्या कामात मन गुंतवा, असे मीही विद्यार्थ्यांना सांगत असतो. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील केट स्वीनी यांनी वकिलीच्या परवाना परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या कायदा पदवीधरांचा अभ्यास केला, तेव्हा चिंता कमी करण्यासाठी लोक जे जे उपाय करतात त्यांचा फारसा उपयोग होत नसल्याचे दिसले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, विजेचा झटका बसण्याची शक्यता निम्मी असताना लोकांवर जेवढा ताण आला, तेवढा तो नक्की बसणार हे ठाऊक असतानाही आला नाही. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की लवकर आलेला नकार ही क्रूरता नव्हे. नकार सांगायला जड जातो म्हणून तो लांबवणारे प्राध्यापक सहृदयच असतात, यात शंका नाही; त्यांच्या सहृदयतेचा परिणाम मात्र उलटा होतो.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रश्न मनाच्या ताणापुरता राहत नाही. या उत्तरावर त्याची इतर उत्तरे अडलेली असतात. नोकरीवर रुजू होण्याची तारीख लांबवता येते, पण एकदाच. भारतातील संशोधन संस्थांच्या मुलाखती आणि त्यांच्या होकाराच्या मुदती उन्हाळ्यात येतात आणि त्या कोणासाठी थांबत नाहीत. अमेरिकेत प्रवेश पक्का झाल्यावर आर्थिक कागदपत्रे सादर करायची, मग विद्यापीठाकडून आय-२० हे व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र येणार, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, मग व्हिसाची तारीख मिळवायची, आणि ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणार. १५ एप्रिलनंतर, म्हणजे पहिल्या फेरीतल्यांची उत्तरे आल्यावर, प्रतीक्षायादीतून वर आलेल्याच्या हाती चार महिनेही पुरते राहत नाहीत. २०२५ साली मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणेच बंद होते. ज्यांना उत्तर उशिरा मिळाले होते, त्यांना ही तीन आठवड्यांची अडचण सर्वांत जड गेली असणार. अमेरिकी विद्यार्थ्याला मेमध्ये आलेला होकार म्हणजे आनंदाची बातमी, आणि आमच्या विद्यार्थ्याला तोच होकार म्हणजे धावपळीची शर्यत, हा फरक समितीच्या बैठकीत कोणी तरी बोलून दाखवायला हवा. तो आपल्याइतका चांगला कोण बोलून दाखवणार?

१५ एप्रिलचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावानुसार, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी अर्थसाहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालायचे नसते. हा ठराव विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी आहे. तरीही 'आठवड्याभरात कळवाल का, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल' असे तोंडी सांगितल्याची उदाहरणे माझ्या कानावर येतात. लेखी काहीच नसते, त्यामुळे विद्यार्थ्याला दाद मागता येत नाही आणि त्याची मागण्याची इच्छाही नसते, कारण पुढची पाच वर्षे त्याच प्राध्यापकांबरोबर काढायची असतात. हा दबाव आणणारे आपल्यापैकी कोणी असतील तर त्यांनी तो आणू नये, एवढेच म्हणतो.

आमच्या बाजूकडूनही चुका होतात. चार होकार हातात असलेला विद्यार्थी, त्यांपैकी दोन ठिकाणी तो जाणार नाही हे त्याला मार्चच्या पहिल्या आठवड्यातच माहीत असताना, ते दोन्ही प्रस्ताव १५ एप्रिलपर्यंत दाबून ठेवतो, आणि त्याच्या मागे यादीत उभा असलेला बहुधा त्याच्यासारखाच दुसरा विद्यार्थी असतो. नको असलेला प्रस्ताव त्याच आठवड्यात लेखी नाकारा, हे मी वर्गात सांगतो आणि पुढेही सांगत राहीन. मात्र यादी गुप्त असली की मागे कोणी उभे आहे हे या विद्यार्थ्याला दिसत नाही, हेही खरे.

पैशाची बाब अलीकडे वेगळी लिहावी अशी झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) ७ फेब्रुवारी २०२५ रोजी संशोधन अनुदानांवरील अप्रत्यक्ष खर्चाला, म्हणजे इमारती, प्रशासन अशा गोष्टींसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या रकमेला, १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती रोखली, तरी ऐन प्रवेशाच्या हंगामात अनेक विद्यापीठांनी पीएच.डी. प्रवेश थांबवले किंवा कमी केले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने तर जीववैद्यकीय पीएच.डी.साठी दिलेले प्रस्ताव मागे घेतले. यात प्रवेश समित्यांचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो हे एकदा दिसल्यावर, प्रस्तावाच्या पत्रात पैशाचा स्रोत कोणता, तो किती वर्षांसाठी निश्चित आहे आणि अनुदान थांबल्यास विभाग शिकवणी-सहायकाचे काम देणार की नाही, हे लिहिलेले असणे आवश्यक झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची (एनएसएफ) पदवीधर संशोधन शिष्यवृत्ती आमच्या विद्यार्थ्यांना मिळू शकत नाही. ती अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. व्हिसाच्या नियमांमुळे सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच. अडचण आली तर त्यांना दुसरीकडे वळता येत नाही, म्हणून त्यांना आधी सांगायला हवे. मुलाखतीत विद्यार्थी पैशाविषयी विचारायला बिचकतात, कारण लोभी दिसू अशी त्यांना भीती वाटते. आपणच विषय काढलात तर त्यांचे काम सोपे होईल.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरवायला आपल्या समित्या शरद ऋतूत बसतील. त्या बैठकीत आपण दोन तारखा मागाव्यात: मुलाखतीनंतरचे पहिले उत्तर कधी जाईल ती, आणि शिफारस न झालेल्यांना विभाग कधी कळवेल ती. या दोन्ही तारखा मुलाखतीच्या बोलावण्यात छापाव्यात आणि पाळता आल्या नाहीत तर नव्या तारखा कळवाव्यात. मधल्या नावांसाठी पाठवायच्या ईमेलचा मसुदा सोबत देतो. इंग्रजीत तो आपण माझ्यापेक्षा चांगला कराल.

'आपली मुलाखत झाल्याबद्दल आभारी आहोत. पहिल्या फेरीच्या प्रस्तावांत आपले नाव नाही. आपण प्रतीक्षायादीत आहात. गेल्या तीन वर्षांत या यादीतून किती जणांना प्रवेश मिळाला ते खाली दिले आहे. आपल्याला २० मार्चपर्यंत पुन्हा कळवू, उत्तर तेच असले तरी कळवू. दरम्यान दुसरीकडून प्रस्ताव आला आणि तो आपल्याला योग्य वाटला, तर आमच्यासाठी थांबू नये. फक्त तसे आम्हाला कळवावे, म्हणजे यादीतल्या पुढच्या उमेदवाराला सांगता येईल.'

आपला नम्र,
शिफारसपत्रे लिहिणारा एक शिक्षक